बेस-वनची अँटीबॉडी: मागवण्यापासून बँडवर भरवसा ठेवण्यापर्यंत (बडोद्यातल्या लॅबवाल्यांसाठी)

गाईडने अल्झायमरचा प्रोजेक्ट दिलाय आणि सांगितलंय की आधी बेस-वनचा (BACE1, अल्झायमरशी जोडलेलं एक एन्झाईम) वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) सेट कर, अशी मुलंमुली बडोद्यात दरवर्षी भेटतात, एमएससीच्या डिझर्टेशनची किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाची, त्यात आपली दांडिया बाजार रावपुऱ्याकडची मराठी मुलंही बरीच असतात, आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. कुठली अँटीबॉडी घेऊ, दोन बँड (प्रोटीनच्या पट्ट्या) का येतात, बँडच येत नाही काय करू. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, की ७० किलोडाल्टनजवळ (हे प्रोटीनच्या वजनाचं एकक) बँड आला म्हणजे बेस-वन सापडला असं होत नाही. ज्या सॅम्पलमध्ये बेस-वन नाहीच तिथे तो बँड गायब होतो हे दाखवल्यावरच तो बेस-वन. बाकी सगळी मेहनत त्याच्यासाठी.

आधी एन्झाईमबद्दल थोडं, कारण हे माहीत नसेल तर ब्लॉट वाचता येत नाही. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमरने ज्या बाईच्या मेंदूतले बदल मांडले त्यातल्या प्लाकमध्ये म्हणजे साचलेल्या गोळ्यांमध्ये जो चिकट पेप्टाइड (प्रोटीनचा छोटा तुकडा) साचलेला असतो तो अमायलॉइड बीटा, आणि तो एपीपी नावाच्या मोठ्या प्रोटीनमधून कापून निघतो. पहिला काप बेस-वन मारतं, दुसरा गॅमा सिक्रेटेज. हे पहिला काप मारणारं एन्झाईम कोणतं ते १९९९ मध्ये एकापेक्षा जास्त गटांनी जवळपास एकाच वेळी शोधलं, म्हणून जुन्या पेपरांत त्याचं नाव बीटा सिक्रेटेज, एस्प-टू, मेमॅप्सिन-टू असं वेगवेगळं दिसेल, वस्तू एकच. ५०१ अमिनो आम्लांचं आहे, मेंब्रेनमधून एकदाच आरपार जातं, कापायचा भाग आतल्या पोकळीच्या बाजूला आणि छोटी शेपटी सायटोप्लाझममध्ये. अ‍ॅस्पार्टिक प्रोटिएज म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाईम आहे, आंबट वातावरणात म्हणजे पीएच ४.५ च्या आसपास जोरात चालतं, त्यामुळे त्याचं मुख्य काम एंडोसोममध्ये (पेशीतल्या आंबट पिशव्यांमध्ये) होतं.

स्वीडनमधल्या एका कुटुंबात एपीपीच्या कापाच्या जागेशीच दोन अमिनो आम्लं बदललेली आहेत, तिथे बेस-वन जास्त कापतं आणि आजार लवकर येतो. उलट आईसलँडमध्ये २०१२ मध्ये असा बदल सापडला की ज्यात काप कमी होतो आणि त्या लोकांना अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. एवढं स्पष्ट चित्र असल्यामुळे मोठ्या कंपन्यांनी बेस-वन अडवणारी औषधं बनवली, आणि २०१७ ते २०१९ मध्ये व्हेरुबेसेस्टॅट, अटाबेसेस्टॅट, लॅनाबेसेस्टॅट, एलेनबेसेस्टॅट अशा एकेक ट्रायल बंद झाल्या, काहींत तर औषध घेणाऱ्यांची स्मरणशक्ती आणखी खाली गेली. मग आता बेस-वन कशाला मोजायचं असं कोणी व्हायव्हात विचारलंच तर सांगा, की हे एन्झाईम एपीपीशिवाय न्यूरेग्युलिनसारखी बाकीची प्रोटीनंही कापतं, ते नेमकं कुठे, किती आणि कधी असतं हे कळल्याशिवाय पुढचं औषध नीट बनणार नाही. आणि ते कळायला विश्वासाची अँटीबॉडी लागते.

आता अँटीबॉडी निवडणं. कॅटलॉग उघडला की डझनांनी दिसतील. किंमत आणि डिस्काउंट नंतर बघा, आधी बघायचं की ती प्रोटीनच्या कुठल्या तुकड्यावर बनवली आहे. बेस-वन बनतं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला एक सिग्नल पेप्टाइड असतो, त्याच्या मागे ४५ व्या अमिनो आम्लापर्यंत प्रोपेप्टाइड असतो, आणि गॉल्जीकडे (पेशीत प्रोटीनवर शेवटचा हात फिरतो ती जागा) जाताना फ्युरिन नावाचं एन्झाईम तो कापून टाकतं. म्हणजे प्रोपेप्टाइडवर बनवलेली अँटीबॉडी घेतलीत तर तिला फक्त कच्चं बेस-वन दिसेल, पिकलेलं दिसणारच नाही, आणि तुम्ही लिहाल की ट्रीटमेंटने बेस-वन कमी झालं. शेपटीवर म्हणजे सी-टर्मिनलवर बनवलेली असेल तर कच्चं पक्कं दोन्ही दिसतं, पण मेंब्रेनपासून कापून बाहेर पडलेला, मीडियममध्ये तरंगणारा भाग तिला दिसत नाही कारण त्याला शेपटीच नाही. तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ठरवा. साध्या लेव्हल बघायच्या असतील तर सी-टर्मिनलकडची रॅबिट मोनोक्लोनल (एकाच क्लोनची, म्हणून कायम सारखी अँटीबॉडी) मला सगळ्यात बरी वाटते. डी१०ई५ हा रॅबिट क्लोन बऱ्याच पेपरांत दिसतो, तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण कोणी वापरली म्हणून आपल्या सॅम्पलमध्ये चालेलच असं धरू नका.

रॅबिटच का? तर आपण बहुतेक सगळे माऊस किंवा रॅटच्या मेंदूवर काम करतो. माऊसच्या टिश्यूवर माऊसची प्रायमरी (आपल्या प्रोटीनला चिकटणारी पहिली अँटीबॉडी) लावली की अँटी-माऊस सेकंडरी (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी) त्या टिश्यूतल्या रक्तातल्या आयजीजीलाही, म्हणजे माऊसच्या स्वतःच्या अँटीबॉडीलाही चिकटते, आणि आयजीजीची हेवी चेन येते ५० ते ५५ किलोडाल्टनला. बेस-वनवरची साखर काढून टाकली तर तो उरतो साधारण ५० चा. म्हणजे जिथे बघायचंय तिथेच घोळ. रॅबिट प्रायमरी घेतली की हा प्रश्न मुळातच सुटतो. पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) स्वस्त पडते पण लॉट म्हणजे बनवल्याची खेप बदलली की स्वभाव बदलतो, तीन वर्षांच्या पीएचडीत एकच लॉट पुरत नाही, त्यामुळे शक्य असेल तर मोनोक्लोनल, त्यातही रिकॉम्बिनंट असेल तर उत्तम.

डेटाशीटमध्ये एक गोष्ट शोधा, नॉकआऊट व्हॅलिडेटेड (म्हणजे ज्याच्यात त्या प्रोटीनचा जीनच काढून टाकलाय अशा सॅम्पलवर तपासलेली) लिहिलंय का आणि खाली त्याचा ब्लॉट दाखवलाय का. नुसता ब्लॉकिंग पेप्टाइडचा (अँटीबॉडी ज्यावर बनवली तोच तुकडा आधी तिला देऊन घेतलेला) फोटो असेल तर त्यावर समाधान मानू नका, कारण पेप्टाइड दिल्यावर बँड गेला याचा अर्थ एवढाच की अँटीबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते, मेंदूत ती दुसऱ्या कशाला चिकटत नाही हे त्यातून सिद्ध होत नाही.

ऑर्डर करताना बडोद्याचा उन्हाळा लक्षात ठेवा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं, थर्मोकोलचा डबा शनिवारी येऊन गेटवर सिक्युरिटीपाशी सोमवारपर्यंत पडला तर आतले जेल पॅक पाणी होऊन जातात. डिस्ट्रिब्युटरला फोन करून स्पष्ट सांगा की सोमवार ते बुधवार यातच डिलिव्हरी द्या, आणि कोणाचा तरी मोबाईल नंबर द्या जो खरंच फोन उचलतो. उत्तरायणच्या दिवसांत, १४ आणि १५ जानेवारीला, तर मागवूच नका, सगळं शहर गच्चीवर असतं. डबा आला की आधी हात लावून बघा पॅक थंड आहेत का, फोटो काढा, मग व्हायल काढा आणि उघडायच्या आधी छोटा स्पिन द्या. पन्नास किंवा शंभर मायक्रोलिटरच असतात आणि त्यातले थेंब झाकणाला चिकटलेले असतात, तसंच उघडलं तर ते गेले.

ग्लिसरॉल असलेली अँटीबॉडी उणे २० ला पातळच राहते, ती तशीच ठेवा, तिचे वाटे करायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर एका वापराचे छोटे अलिक्वॉट (वाटे) करा, दरवेळी गोठवणं वितळवणं तिला सोसत नाही. आणि घरगुती टाईपचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज वापरू नका, तो बर्फ वितळवायला स्वतःच गरम होतो आणि थंड होतो. व्हायलवर उघडल्याची तारीख आणि वहीत लॉट नंबर, हे त्याच दिवशी.

सॅम्पलकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मे ब्लॉट इथेच बिघडतात आणि शिव्या अँटीबॉडीला बसतात. प्राण्यांवर काम असेल तर इन्स्टिट्यूटच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी, त्याशिवाय सुरुच करायचं नाही. माणसाच्या टिश्यूची गरज असेल तर बंगळूरूच्या निम्हान्समध्ये ब्रेन बँक आहे, तिथे रीतसर अर्ज करतात. सेल लाईन लागणार असेल तर पुण्याच्या एनसीसीएसच्या रिपॉझिटरीतून मागवतात. माऊसचा मेंदू काढताना थंडगार पीबीएस (मिठाचं बफर) रक्तवाहिन्यांतून सोडून परफ्युज करून घ्या, म्हणजे रक्त धुऊन जातं. हे खूप जण टाळतात, वेळ लागतो म्हणून. पण रक्त राहिलं की अल्ब्युमिन राहतं, अल्ब्युमिन ६६-६७ किलोडाल्टनचं, आणि पिकलेलं बेस-वन ७० च्या आसपास. अँटीबॉडी अल्ब्युमिनला चिकटत नसली तरी एवढं प्रोटीन एकाच उंचीवर ठासून बसलं की शेजारचा बँड दबतो, वाकडा होतो, कधी मध्ये पांढरा डाग पडतो. परफ्युजन नीट झालं की मेंदू फिकट पांढरा दिसतो, गुलाबी दिसत असेल तर रक्त आहे. मग कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस वेगळे करा, लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये, आणि उणे ८०.

लायसिससाठी म्हणजे पेशी फोडून प्रोटीन बाहेर काढायला (तो द्रव म्हणजे लायसेट) नुसता ट्रायटन हा डिटर्जंट घेऊन चालत नाही. बेस-वनच्या शेपटीकडच्या सिस्टीनवर पाल्मिटेट लागलेलं असतं आणि त्याचा बराचसा भाग लिपिड राफ्टमध्ये (पेशीच्या मेंब्रेनमधल्या चरबीच्या घट्ट चकत्यांत) असतो, थंड ट्रायटनमध्ये ते राफ्ट विरघळत नाहीत, मग स्पिन दिला की तुमचं बेस-वन पेलेटबरोबर खाली जातं आणि तुम्ही पेलेट टाकून देता. रिपा बफर वापरा: ट्रिस ५० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, एनपी-४० एक टक्का, डीऑक्सिकोलेट अर्धा टक्का, एसडीएस ०.१ टक्का, आणि प्रोटिएज इन्हिबिटर कॉकटेल ऐनवेळी घालायचं. बर्फावर अर्धा तास ठेवा, मधूनमधून हलवा, छोटं सोनिकेशन द्या म्हणजे डीएनएची तार तुटते, आणि मग ४ डिग्रीला १२ ते १४ हजार जी वर १५ मिनिटं. पहिल्यांदा करताना पेलेटही टाकू नका, लोडिंग बफरमध्ये उकळून एका लेनमध्ये घाला. बेस-वन किती मागे राहतंय ते डोळ्यांनी दिसेल आणि शंका मिटेल.

प्रोटीन मोजायला बीसीए घ्या. ब्रॅडफर्डला डिटर्जंट चालत नाही, आकडे खोटे येतात.

लोडिंग बफर घातल्यावर सवयीने ९५ डिग्रीला उकळायला टाकू नका. मेंब्रेन प्रोटीनं जास्त तापली की एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो वेलच्या तोंडाशीच अडकतो. ७० डिग्री, १० मिनिटं. मला हाच सगळ्यात सेफ वाटतो, पण तुमच्या सॅम्पलला एकदा ३७, ७० आणि ९५ असं तिन्ही लावून बघा, एका जेलचं काम आहे आणि मग आयुष्यभर वाद नाही.

किती लोड करायचं? माऊसच्या कॉर्टेक्सचे २० ते ३० मायक्रोग्रॅम बहुतेकदा पुरतात. एसएच-एसवाय५वाय किंवा हेक या माणसाच्या सेल लाईनमध्ये स्वतःचं बेस-वन फारच कमी असतं, तिथे ४० ते ५० लागतात आणि तरी फिकट येतं. जेल १० टक्के. जेल ओतताना एक इथली गोष्ट, उन्हाळ्यात टेमेड (एपीएसबरोबर जेल सेट करणारं रसायन) घातलं की ती भसकन सेट होते, कधी कधी कंगवा लावेपर्यंत घट्ट, आणि जानेवारीत तीच जेल ताटकळत बसवते. उन्हाळ्यात सोल्युशन थोडं गार करून घ्या, एपीएस मात्र ताजं.

रन सावकाश करा. डाय खाली गेल्यावरही लॅडरमधला ५० ते ७५ चा भाग नीट फाकलेला हवा, कारण कच्चा आणि पिकलेला बँड यांत फरक १० किलोडाल्टनचाच आहे आणि जेल घाईत पळवली तर दोन्ही मिळून एक जाड पट्टा दिसेल. ट्रान्सफरला म्हणजे जेलमधलं प्रोटीन उतरवायला पीव्हीडीएफचा मेंब्रेन, ०.४५ मायक्रॉनचा, मिथेनॉलमध्ये भिजवून घेतलेला, ओला ट्रान्सफर १०० व्होल्टला तासभर ते दीड तास. टाकीत बर्फाचा पॅक असतो तो मे महिन्यात अर्ध्या तासात वितळतो, बदलायला माणूस हवा, किंवा सरळ टाकी कोल्ड रूममध्ये नेऊन लावा. झालं की पॉन्सो (प्रोटीन दाखवणारा लाल रंग) लावा, फोटो काढा. सगळ्या लेन सारख्या लाल दिसतात का, मध्ये हवेच्या बुडबुड्याचा गोल पांढरा डाग आहे का, हे इथे कळलं तर पुढची महागडी अँटीबॉडी वाचते.

ब्लॉकिंग (अँटीबॉडी कुठेही चिकटू नये म्हणून मेंब्रेन झाकणं) ५ टक्के स्किम मिल्क किंवा ५ टक्के बीएसए, टीबीएसटी बफरमध्ये, एक तास. डेटाशीटमध्ये जे लिहिलंय ते आधी करा, कारण काही अँटीबॉडी दुधात लाजतात, बँड अर्धा होतो, आणि काहींना बीएसएत इतकं बॅकग्राउंड येतं की काही दिसत नाही. प्रायमरी १:१००० ने सुरुवात, ४ डिग्रीला ओव्हरनाईट, हळू रॉकरवर. नवरात्रात सगळ्यांना संध्याकाळी गरब्याला जायचं असतं, तेव्हा दिवस असा बेता की सहा-साडेसहाला प्रायमरी पडेल आणि सकाळी येऊन वॉश, ओव्हरनाईट तसंही लागतंच. वॉश टीबीएसटीचे, १० मिनिटांचे तीन, भरपूर बफरमध्ये, डबीत चमचाभर बफर घालून नाही.

सेकंडरीबद्दल इथल्या लोकांना खास सांगते. प्रोटोकॉलमध्ये रूम टेम्परेचरला एक तास असं लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याच्या लॅबचं रूम टेम्परेचर २२ असतं. आपल्याकडे एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये एप्रिलच्या दुपारी ३५ असतं, तिथे तोच एक तास वेगळा होतो, बॅकग्राउंड काळंकुट्ट येतं आणि पोरं अँटीबॉडी बदलायला निघतात. एसी खोलीत करा नाहीतर वेळ पाऊण तासावर आणा, पण एकदा ठरवलं की प्रत्येक ब्लॉटला तेच. एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाईम) जोडलेली अँटी-रॅबिट १:५००० ते १:१०००० घ्या. वापरलेली प्रायमरी परत वापरायला लोक सोडियम अझाइड घालून ठेवतात, त्याला हरकत नाही पण ती जपून हाताळा, विषारी आहे, आणि सेकंडरीच्या बाटलीत चुकूनही अझाइड जाऊ देऊ नका, एचआरपी बंद पडतं आणि सिग्नल शून्य.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखंच लोड झालंय हे दाखवणारं प्रोटीन) घेताना ट्युब्युलिन टाळा, तो ५० ते ५५ ला येतो आणि बेस-वनच्या कच्च्या रूपाला खेटतो. अ‍ॅक्टिन ४२ ला, जीएपीडीएच ३७ ला, दोघांपैकी एक. ब्लॉटचा मेंब्रेन मध्यावर कापून वरचा भाग बेस-वनला आणि खालचा अ‍ॅक्टिनला असं सर्रास करतात. पहिल्या काही ब्लॉटना तरी कापू नका, अख्खा मेंब्रेन बेस-वनच्या अँटीबॉडीत टाका, कारण ती आणखी कुठे कुठे चिकटते ते तुम्हाला बघायलाच हवं. शिवाय बरेच जर्नल आता न कापलेला ब्लॉट मागतात.

आता बँड वाचायचा. पिकलेलं, साखर पूर्ण लागलेलं बेस-वन ७० च्या आसपास, थोडं पसरट, कारण साखर प्रत्येक रेणूवर अगदी सारखी नसते. कच्चं, अजून ईआरमध्ये (पेशीत प्रोटीन बनतं ती जागा) असलेलं, ६० च्या आसपास, बारीक आणि फिकट. मेंदूत वरचाच जास्त असतो. तुम्हाला एकदम कडक, धारदार, काळा बँड नेमका ६६ ला किंवा ५५ ला आला तर आनंद करण्याआधी थांबा.

थांबून काय करायचं तर हे, आणि इथे कंजुषी करू नका. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे बेस-वन नॉकआऊट माऊसचा मेंदू. हे माऊस २००१ मध्येच बनले, जगतात, आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड बीटा जवळपास बनतच नाही. भारतात सगळ्यांकडे ते नाहीत हे मान्य, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांना नीट मेल लिहून थोडा लायसेट मागितला तर लोक देतात, काही मायक्रोलिटरच लागतो आणि तुमचा सगळा थिसिस त्यावर उभा राहतो, त्यामुळे संकोच करू नका, गाईडना सांगून लिहा. एका लेनमध्ये साधा माऊस, शेजारी नॉकआऊट, तेवढेच मायक्रोग्रॅम. नॉकआऊटमध्ये जो बँड तसाच राहतो तो बेस-वन नाही, मग तो कितीही सुंदर असो आणि वजन कितीही जुळो.

ते नाहीच मिळालं तर सेल लाईनमध्ये एसआयआरएनए (जीनचा आरएनए मोडून त्याचं प्रोटीन कमी करणारा छोटा आरएनए). बेस-वन पेशीत लवकर मोडत नाही, त्यामुळे २४ तासांत बघितलं तर काहीच फरक दिसणार नाही, ७२ तास द्या. दोन वेगवेगळे एसआयआरएनए घ्या आणि एक स्क्रॅम्बल्ड (ज्याचं लक्ष्यच नाही असा कंट्रोल). दोन्हींनी तोच बँड कमी झाला तर जीव भांड्यात पडतो. बेस-वन ओव्हरएक्स्प्रेस केलेला हेकचा लायसेटही ठेवा, पण तो एक-दोन मायक्रोग्रॅमच घाला आणि शेजारची लेन रिकामी सोडा, नाहीतर त्याचा सिग्नल बाजूला सांडतो आणि शेजारच्या सॅम्पलमध्ये बेस-वन वाढलंय असं वाटतं. लक्षात घ्या, ओव्हरएक्स्प्रेशन एवढंच सांगतं की अँटीबॉडी बेस-वन ओळखू शकते. मेंदूत ती फक्त त्यालाच ओळखते हे सांगत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पेपरांत ते सारखे मिसळलेले दिसतात.

मला सगळ्यात आवडणारी टेस्ट साखरेची. स्वस्त आहे, बडोद्यात बसून करता येते, आणि बेस-वनचं जीवशास्त्र डोळ्यांसमोर दिसतं. बेस-वनवर चार ठिकाणी एन-लिंक्ड साखर लागते. लायसेटचे तीन भाग करा, २० मायक्रोग्रॅमचे. तिन्ही भाग एन्झाईमच्या किटमधल्या डिनेचरिंग बफरमध्ये गरम करून घ्या. एकात काही नाही, दुसऱ्यात पीएनजीएज-एफ, तिसऱ्यात एंडो-एच (दोन्ही साखर कापणारी एन्झाईमं), ३७ डिग्रीला एक ते दोन तास, आणि पीएनजीएजवाल्या ट्यूबमध्ये एनपी-४० घालायला विसरू नका कारण एसडीएस त्या एन्झाईमला बंद पाडतं. मग जेल. पीएनजीएज सगळी साखर काढतं, त्यामुळे ७० आणि ६० दोन्ही खाली सरकून ५० जवळ एकत्र येतात. एंडो-एच फक्त ईआरमधली कच्ची साखर कापतं, म्हणून ६० चा खाली येतो आणि ७० चा बहुतेक जागच्या जागी राहतो. हा असा पॅटर्न आला तर तो बँड बेस-वन असल्याची शक्यता खूप वाढते, आणि बँड दोन्हीत हललाच नाही तर तो नक्कीच बेस-वन नाही, कारण साखरेशिवायचं प्रोटीन ७० ला कसं थांबेल. एकदा हे जेलवर बघितलं की दोन बँड का येतात हा प्रश्न परत कोणी विचारत नाही.

सेकंडरी-ओन्ली कंट्रोल वेगळा सांगायला नको, प्रायमरी न टाकता एक पट्टी ठेवायचीच.

ब्लॉटवर चाललेली अँटीबॉडी स्लाईडवर चालेल असं धरू नका. ब्लॉटवर प्रोटीन उलगडलेलं असतं, फिक्स केलेल्या सेक्शनमध्ये ते फॉर्मॅलिनने जखडलेलं असतं, अँटीबॉडीला दिसणारा चेहरा वेगळा. बेस-वनच्या इम्युनोस्टेनिंगचा (अँटीबॉडीने सेक्शन रंगवण्याचा) इतिहास याबाबत फार बोलका आहे, कितीतरी अँटीबॉडी नॉकआऊट मेंदूतही तशाच रंगतात. खरं बेस-वन बघायचं तर हिप्पोकॅम्पसमध्ये मॉसी फायबर (न्यूरॉनचे धागे) जिथे सीए३ या भागाला जाऊन मिळतात तिथे दाट पट्टा दिसायला हवा, कारण बेस-वन प्रीसिनॅप्टिक म्हणजे संदेश पाठवणाऱ्या टोकांत साठतं, आणि अल्झायमरच्या माऊसमध्ये प्लाकच्या भोवती सुजलेल्या टोकांत. जर सगळ्या न्यूरॉनच्या सेल बॉडी सारख्या तपकिरी झाल्या असतील तर नॉकआऊटचा सेक्शन मिळेपर्यंत तो फोटो कोणाला दाखवू नका.

आणखी एक, हे जरा महत्त्वाचं. अँटीबॉडी तुम्हाला प्रोटीन किती आहे ते सांगते, ते किती काम करतंय ते नाही. प्रोपेप्टाइड, पीएच, पेशीतली जागा, सगळ्यावर काम अवलंबून आहे. कामाबद्दल बोलायचं असेल तर पीएच ४.५ ला फ्लुरोजेनिक सबस्ट्रेट (कापल्यावर चमकणारा तुकडा) वापरून अ‍ॅसे म्हणजे चाचणी करा, आणि बेस-वनचा ठरलेला इन्हिबिटर घालून सिग्नल खाली येतो का ते बघा, कारण लायसेटमधलं कॅथेप्सिन-डी पण आंबट पीएचला तोच सबस्ट्रेट चावतं. पेप्स्टॅटिन इथे फार उपयोगाचं आहे, ते कॅथेप्सिन-डी अडवतं आणि बेस-वनला जवळपास हात लावत नाही. किंवा एपीपीचा सी९९ तुकडा ब्लॉटवर बघा, तो बेस-वनच्या कापाचा थेट पुरावा. आणि नुसत्या क्यूपीसीआरवर (आरएनए मोजण्यावर) तर कधीच थांबू नका, बेस-वनचं आरएनए तेवढंच राहून प्रोटीन वाढतं असं बऱ्याचदा होतं, कारण ट्रान्सलेशनच्या पायरीवर त्याचा मोठा कंट्रोल आहे, पेशीवर ताण आला की तो सैल होतो.

मोजमाप करायच्या आधी एकदा ५, १०, २०, ४०, ६० मायक्रोग्रॅमची शिडी लावा आणि सिग्नल कुठपर्यंत सरळ रेषेत वाढतो ते बघा. त्या पट्ट्यातच पुढचे सगळे सॅम्पल लोड करायचे. एक्स्पोजर वाढवून बँड काळा करून त्याची डेन्सिटी काढली तर सगळे ग्रुप सारखेच दिसणार. फोटो काढताना अनेक वेळा घ्या, कमीपासून जास्तपर्यंत, आणि ज्यात कुठलाही बँड सॅच्युरेट नाही तोच मोजा. एन म्हणजे प्राणी किती, एकाच प्राण्याचे तीन ब्लॉट म्हणजे एन तीन नाही.

वहीत आणि पुढे पेपरात क्लोनचं नाव, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी (अँटीबॉडीचा ठरलेला ओळख नंबर), डायल्युशन, ब्लॉकिंग कशात, किती तास, कुठल्या तापमानाला, हे सगळं. पहिला चांगला सेट झाला की त्याच लायसेटचे २० मायक्रोग्रॅमचे अलिक्वॉट उणे ८० ला बाजूला ठेवा, साध्या मेंदूचे आणि मिळाले असतील तर नॉकआऊटचेही, डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून. नवीन लॉट आला की आधी जुनी आणि नवीन अँटीबॉडी याच अलिक्वॉटवर शेजारी शेजारी लावायची, आणि बँड जुळला, नॉकआऊटची लेन रिकामी राहिली, तरच नवीन व्हायल प्रोजेक्टच्या सॅम्पलला लावायची.